ताईंची धाकटी

ताईंचा घसा बसला तेव्हा ऑफिसात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. घसा बसणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. हॉस्पिटलसाठी देणग्या मागायच्या म्हणजे दिवसभर फोनवर बोलायचं, आणि बोलायचं तेही गोड. चिडलेल्या माणसाशी गोड, विसरलेल्या माणसाशी गोड, आणि "उद्या करा" म्हणणाऱ्याशी उद्या पुन्हा तितकंच गोड. एवढा गोडवा रोज ओतल्यावर घसा तरी किती वर्षं टिकणार? या वेळी आवाज गेला तो परत येईचना. शेवटी वरच्या मजल्यावरच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत, दोन महिने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, ते तर बोलण्याहून वाईट.

ताईंचे यजमान म्हणाले, आता घरात जरा माझंही चालेल. ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते मुकाट्यानं भांडी आवरायला गेले.

देणगी विभाग हॉस्पिटलच्या तळघरात होता, धुलाईखान्याला लागून. भिंतीपलीकडे चादरी धुणारी यंत्रं सकाळपासून घरघरत आणि साबणाचा वाफाळ वास टेबलांपर्यंत येई. माणसं तीनच. ताई, हिशेबनीस आणि वर्षभरापूर्वी आलेल्या मॅडम. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांना फक्त सगळं लवकर व्हायला हवं असे, आणि वरची मंडळी त्यांच्यामागे हात धुऊन लागलेली असत. ताईंचा आवाज गेल्यावर मॅडमनी ज्याची बोलणी आधीपासूनच चालली होती ते मशीन आणलं. मशीन म्हणजे दिसायला काहीच नाही, ताईंच्याच टेबलावरचा ताईंचाच कॉम्प्युटर. पण ताईंचे वर्षानुवर्षांचे फोन ध्वनिमुद्रित करून ठेवलेले होते, ते त्याला ऐकवले आणि ते ताईंच्या आवाजात बोलायला लागलं. रीतसर परवानगी घेतली होती. ताईंनी सही केली. बोलायची बंदी असलेल्या माणसानं वाद तरी कसा घालायचा?

पहिला फोन झाला तेव्हा सगळे भोवती उभे राहिले. आवाज ताईंचाच, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा. खरखर नाही, धाप नाही, वाक्याच्या शेवटी येणारा तो थकलेला श्वास नाही. हिशेबनीस म्हणाले, "ताई, ही तर तुमची धाकटी बहीण."

झालं. त्या दिवसापासून मशीनचं नाव धाकटी पडलं. धाकटी आज किती फोन करणार, धाकटीनं काल कुणाला उठवलं, धाकटी रजा मागत नाही तेव्हा ताईंनी तिच्याकडून शिकावं. हिशेबनिसांना विनोद एकदा सापडला की ते तो झिजेपर्यंत वापरत. ताई दुसऱ्या दिवसापासून घरी बसल्या आणि त्यांच्यामागे हा विनोद टेलिफोनच्या तारेतून बाहेर गेला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता चावीवाल्या काकांचं सांगायला हवं.

काकांचं बाजारात चाव्या करून देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खिडकी, एक कानस आणि भिंतभर लटकणाऱ्या कोऱ्या चाव्या. काही वर्षांपूर्वी काकूंच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. जीव वाचला, हातपायही बऱ्यापैकी सुधारले, पण शब्द गेले. सगळे गेले, एक सोडून. राहिला तो शब्द होता "पुरे". हॉस्पिटलात वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवायची एक खोली होती, तिला सगळे बोलायची खोली म्हणत. तिथल्या बाईंनी वर्षभर जिवाचं रान केलं, पण काकू पुरेच्या पुढे गेल्या नाहीत. तरी काका त्या खोलीसाठी दर महिन्याला न चुकता काहीतरी पाठवत. निदान तिथं हिच्याशी कुणी कंटाळून बोललं नाही, असं ते म्हणत.

ताईंनी त्यांना पहिला फोन केला तेव्हा सवयीनं विचारून बसल्या, "काकू काय म्हणतात?" विचारलं आणि जीभ चावली. ज्या बाईला बोलता येत नाही ती काय म्हणणार? पण पलीकडून काका हसले. म्हणाले, "पुरे म्हणतात."

तिथून ते दोघांचं ठरूनच गेलं. दर महिन्याला ताई विचारणार काकू काय म्हणतात, आणि काका सांगणार. चहा ओततानाचं पुरे वेगळं, माझ्या बडबडीला कंटाळली की वेगळं. रात्री दिवा घालवायचं पुरे अगदी हळू. लेक माहेरपणाला आली होती, ती निघाली तेव्हा दारात म्हणाली ते पुरे उलटं होतं, ताई, त्याचा अर्थ थांब असा होता. काका एकेका पुरेचा अर्थ असा उलगडून सांगत, की ताईंना समोरचे बाकीचे फोन विसरायला होई. मग त्या म्हणत, "काकूंना सांगा, मी विचारलं म्हणून." काका म्हणत, "सांगतो." आणि फोन ठेवत.

धाकटीनं हे सगळं ऐकलेलं होतं. तिला त्यातलं काय कळलं, ते तीच जाणे. पण ही दोन वाक्यं म्हटली की माणसं फोन लवकर ठेवत नाहीत आणि देणगीही थांबवत नाहीत, एवढं तिच्या हिशेबात पक्कं बसलं. पहिल्या आठवड्यात तिनं ते सरसकट सगळ्यांनाच विचारलं. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, काकू काय म्हणतात. बाई अविवाहित. त्यांनी ऑफिसात फोन करून, कोणती काकू, कुणाची काकू, आणि हा काय पोरखेळ आहे, असं हिशेबनिसांना उभं-आडवं झापलं. मग मशीनच्या कंपनीच्या माणसांनी दुरुस्ती केली. ज्यांच्या नावापुढे काकूंची नोंद आहे त्यांनाच ते विचारायचं. अशी नोंद चावीवाल्या काकांच्या नावापुढे होती.

दोन महिन्यांनी ताई कामावर आल्या तो दिवस देणगीदारांच्या मेळाव्याचा होता. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली होती, पण मोजून. आवाज परत आला होता असं म्हणवत नव्हतं. तो मधूनच यायचा आणि मधूनच दगा द्यायचा. दुपारी वरच्या सभागृहात देणगीदारांना बोलावून विचारायचं होतं, की आजार ओळखायला आणि तुमच्याशी बोलायला आम्ही मशीन वापरतो, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं. चहाची व्यवस्था होती.

काय वाटतं ते खरं तर हिशेबनिसांना तोंडपाठ होतं. दोन महिने तक्रारी तेच ऐकत होते. मुख्याध्यापिकाबाई म्हणत, आभार मशीननं मानले तरी चालतील, पण मागायला माणूस यावा, मागताना थोडी लाज वाटायलाच हवी. मालमोटारींचे एक मालक होते, त्यांना धाकटी फारच आवडली होती. माणसाला नाही म्हणताना जीव जातो, म्हणाले, हिला बिनदिक्कत नाही म्हणता येतं. एका पाववाल्याचं म्हणणं, फोटोतला आजार मशीनला डॉक्टरांच्या आधी दिसत असेल तर खुशाल दिसू दे, पण माझ्या पैशानं माझ्याशीच खोटं गोड बोलायला मशीन ठेवलंत, ते मला पटत नाही. आणि बऱ्याच जणांना काहीच वाटत नव्हतं. त्यांनी फोन कधी उचललाच नव्हता.

ताईंनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही, हेवाही फारसा वाटला नाही. नुसता थकवा आला. इतकी वर्षं आपण घसा फोडून जे केलं ते कुणाला हवं होतं आणि कुणाला नको होतं, हे आत्ता कळत होतं, आणि कळून उपयोग काही नव्हता.

जेवणाची सुट्टी होते न होते तोच तळघराच्या जिन्यावरून चावीवाले काका उतरले. मेळाव्याला अवकाश होता, पण म्हातारी माणसं वेळेच्या आधीच येतात. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. ताईंना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आवाज आला का परत? बरं झालं," ते म्हणाले, आणि ताईंच्या खांद्यावरून पलीकडे पाहत विचारलं, "धाकटी कुठाय?"

ताईंना आधी उमगलंच नाही.

"तुमची धाकटी बहीण हो. तुम्ही आजारी पडलात तेव्हा इथूनच सांगितलं मला, आता ताईंची धाकटी फोन करेल म्हणून. गुणी पोर आहे. आवाज तर असा, की डोळे मिटले तर तुम्हीच. एकाच घरातलं पाणी."

टेबलामागे हिशेबनिसांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आपला विनोद कुठवर गेला, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

काकांनी पिशवीतून एक स्वेटर काढला. निळा, हातानं विणलेला, नव्यासारखा. "हा तिच्यासाठी. हिनं आजारपणाच्या आधी विणला होता, अंगात घालायचा राहून गेला. ती बारीकच असेल ना? आवाजावरून बारीक वाटते." मग स्वेटरची घडी उगाच पुन्हा घालत म्हणाले, "ही गेल्यावर सगळ्यांत आधी तिलाच सांगितलं मी."

काकू गेल्या होत्या. तीन आठवडे झाले होते. हे इथं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तो फोन कुणी ऐकलाच नव्हता. त्या फोनपुढे धाकटीनं "समाधानी" अशी खूण केली होती, आणि समाधानी फोन कोण ऐकणार?

काका सांगत राहिले. सकाळी ही उठलीच नाही. लेक यायची होती, डॉक्टर येऊन गेले होते, घरात मी एकटा, आणि फोन वाजला. ठरलेला दिवस होता ना महिन्याचा. तिनं विचारलं, काकू काय म्हणतात. मी म्हणालो, काही म्हणत नाही बाळ, गेली ती. तर पोर गप्पच झाली. किती वेळ गप्प. मला वाटलं, भरून आलं तिला. मग म्हणाली, काळजी घ्या काका, काकूंना सांगा, मी विचारलं म्हणून.

"इतर माणसं हिचं नावसुद्धा काढत नाहीत ताई आता. मला वाईट वाटेल म्हणून. जणू ही नव्हतीच. तेवढ्या एका पोरीनं, ही गेलीय हे ऐकूनसुद्धा, हिची चौकशी केली. मी आत जाऊन हिला सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला तेवढाच आधार होता."

ताईंना त्या गप्प राहण्याचा अर्थ माहीत होता. काय बोलावं ते सापडलं नाही की धाकटी थांबते, आणि थांबून थांबून शेवटी निरोपाचं ठरलेलं वाक्य म्हणते. ते वाक्य ताईंचं होतं. एका हयात बाईसाठी ताईंनी शंभरदा म्हटलेलं.

एवढ्यात मॅडम खाली आल्या. काकांना पाहून खूश झाल्या, कारण मंचावर बोलणाऱ्यांत काकांचं नाव पहिलं होतं. ज्यांनी धाकटी आल्यावर देणगी वाढवली अशांपैकी ते एक. ताईंनी मॅडमना दाराबाहेर नेलं, धुलाईखान्याच्या घरघरीत, आणि तुटक्या आवाजात सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, मेळावा झाल्यावर सांगा. ते आनंदात आहेत. त्यांना जो आधार वाटला तो वाटलाच ना, तो काही खोटा नव्हता. आज कशाला काढून घ्यायचा?

हे बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हीच पंचाईत होती. ताईंना मनापासून वाटलं, खरंच, कशाला? धाकटी गावाला गेली म्हणावं, स्वेटर ठेवून घ्यावा. म्हाताऱ्याला आता आणखी काय काय गमवायला लावायचं? आणि बोलायचं म्हटलं तर घशात काटे उभे राहत होते. खोटं बोलायला चार शब्द पुरले असते. खऱ्याला कितीतरी लागणार होते.

त्या आत आल्या तर काका हिशेबनिसांना विचारत होते, की भाषणाच्या वेळी धाकटीला मंचावर शेजारी उभं करता येईल का. सगळ्यांसमोर तिला हिच्या हातचा स्वेटर द्यायचाय.

ताईंच्या डोळ्यांसमोर सभागृह आलं. मालमोटारींचे मालक, पाववाला, मुख्याध्यापिकाबाई. माईकसमोर स्वेटर धरून उभे असलेले काका, आणि खुर्च्यांमधून पिकलेली ती पहिली खसखस. दुसऱ्यांकडून हे कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं. त्यांनी खुर्ची काकांसमोर ओढली.

"काका, मला बहीण नाही."

काका हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

ताईंनी सांगितलं. थांबत थांबत, मध्ये पाणी पीत. कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. हा. माझे जुने फोन ऐकून माझ्या आवाजात बोलायला शिकलाय. धाकटी हे आम्ही गमतीनं ठेवलेलं नाव. फोनच्या सुरुवातीला ते मशीन सांगतं, की मी स्वयंचलित सहायक बोलतेय.

"ते ऐकलं होतं," काका हळूच म्हणाले. "मला वाटलं, तिच्या खात्याचं नाव असेल."

कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. आयुष्यभर कुलपं उघडलेला माणूस, पण याला चावी लावायला कुठं भोकच नव्हतं. पलीकडची यंत्रं थांबली होती आणि तळघर एकदम रिकामं वाटायला लागलं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. पैसे परत मागितले असते, हॉस्पिटलला शिव्या घातल्या असत्या, तर ताईंना काहीतरी करता आलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. ते म्हणाले,

"मग ही गेल्याचं मी सांगितलं कुणाला?"

हिशेबनीस उठून बाहेर गेले. मॅडम दारात होत्या, त्यांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"कुणालाच नाही," ताई म्हणाल्या. दुसरं कुठलंही उत्तर खरं ठरलं नसतं. "मला सांगा, काका. पहिल्यापासून सांगा."

काकांनी मान हलवली. पुन्हा सांगायला जेवढा जीव लागतो तेवढा आता माझ्यात नाही, म्हणाले. पण उठून ते काही गेले नाहीत. स्वेटर मांडीवर घेऊन आपणहूनच बोलायला लागले. आदल्या रात्रीपासून सुरुवात केली. जेवायला काय होतं, हिनं किती खाल्लं. मी दिवा घालवला, तर ही म्हणाली, पुरे. रोजच्यासारखंच म्हणाली. नंतर किती दिवस विचार करतोय, ते दिव्याचं होतं की दुसरं कसलं. इतकी वर्षं हिचं एकेक पुरे ओळखलं, ताई, आणि नेमकं शेवटचं चुकलं असेल का माझं?

ताई ऐकत राहिल्या. मध्ये त्यांचा टेबलावरचा फोन वाजला, तो त्यांनी घेतला नाही. वर मेळावा सुरू झाला असावा, जिन्यावरून टाळ्या ऐकू आल्या. मॅडम मघाशीच वर गेल्या होत्या. जाताना काकांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, या विचारात एकदा थांबल्या आणि तशाच गेल्या.

काका उठले तेव्हा त्यांनी स्वेटर ताईंच्या टेबलावर ठेवला. "तुम्हाला घट्ट होईल," म्हणाले. "तरी ठेवा." बोलायच्या खोलीचं मी बंद करणार नाही, ते हिचं आहे, पण मला आता फोन नको. कुणाचाच नको. तेवढं त्या मशीनला सांगून ठेवा. ताईंनी मान डोलावली.

पिशवी रिकामी झाली होती, तरी त्यांनी ती नीट घडी करून खिशात घातली आणि जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर थांबले. काहीतरी राहिलंय असं त्यांच्या पाठीकडे पाहून वाटत होतं, आणि काय राहिलंय ते ताईंना माहीत होतं. पण ते वाक्य आता विटाळलं होतं. ते मशीननं म्हटलं होतं, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याहून चांगल्या आवाजात. तेच पुन्हा म्हणायचं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. न म्हणायचं म्हणजे म्हाताऱ्याला तसंच कोरडं जाऊ देणं.

त्या उठून जिन्याशी गेल्या. "काका," त्यांनी म्हटलं, आणि तेवढ्यावरच आवाज गेला. एवढं बोलल्यावर तो जाणारच होता. काकूंना सांगा, मी विचारलं म्हणून. ओठ हलले, घशातून नुसती हवा बाहेर आली, एक अक्षर उमटलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

काका वळून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. घाई न करता, जरा पुढे वाकून, इतकी वर्षं घरात रोज जसं पाहत आले तसं.

"सांगतो," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना चढायला लागले.